ब्रिटन गाजवलं, अमेरिकेत अडकले: अशा बँडची श्रवणबैठक सोसायटीच्या हॉलमध्ये कशी करावी

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. कोल्डप्ले हा ब्रिटनही जिंकलेला आणि अमेरिकाही जिंकलेला बँड. आपल्याकडे ब्रिटिश संगीत बहुतेक वेळा असंच पोहोचतं, अमेरिकेचा शिक्का लागून. ज्यांना तो शिक्का मिळाला नाही, ते ब्रिटनमध्ये कितीही मोठे असले तरी ठाण्याच्या कानांपर्यंत फारसे आलेच नाहीत. स्लेड, द जॅम, पल्प, मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स ही नावं चांगल्या श्रोत्यांनाही नवी वाटतात, आणि ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

त्यावर उपाय म्हणजे वीस-तीस जणांची दोन तासांची श्रवणबैठक. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-सीवूड्सच्या सोसायटीचं क्लबहाउस तिला पुरतं. खर्च फार नाही, पण तयारी नेमकी हवी. नुसती गाणी लावली तर लोक "छान आहे" म्हणतात आणि चहाकडे वळतात. म्हणून ही बैठक जोड्यांवर बांधावी: अडकलेल्या बँडचं एक गाणं आणि लगेच त्याला लागून, शक्यतो अमेरिकेने स्वीकारलेलं, दुसरं. बँड का अडला ते मग भाषणातून सांगावं लागत नाही, कानालाच कळतं.

कोणाला घ्यायचं

आधी कसोटी ठरवा, नाहीतर प्रत्येक जण आपला आवडता बँड घुसवतो. आम्ही सुचवतो ती कसोटी अशी: ब्रिटनमध्ये निदान एक सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) किंवा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेलेला असावा, आणि अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत किंवा अल्बमच्या मुख्य यादीत पहिल्या दहात कधीच शिरकाव झालेला नसावा. ही कसोटी निर्दय आहे, पण वाद मिटवते. मॅडनेस बाद होतो, कारण 'अवर हाउस' १९८३ मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. ओएसिस बाद, कारण 'वंडरवॉल' आठवं. टी. रेक्स अगदी दाराशी अडतो: 'गेट इट ऑन' १९७२ मध्ये तिथे बरोबर दहाव्या जागी होतं, तेही 'बँग अ गाँग' असं नाव बदलून. स्विंडनचा एक्सटीसी उलट्या बाजूने बाहेर राहतो. तो अमेरिकेत अडकलाच, पण ब्रिटनमध्येही त्याला पहिला क्रमांक मिळाला नाही. त्याच्या चाहत्यांना वाईट वाटेल. त्यांना पुढच्या बैठकीचं वचन द्या.

क्रमांक तपासताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला ब्रिटनचा: फेब्रुवारी १९६९ पर्यंत तिथे एकच सर्वमान्य यादी नव्हती. वेगवेगळी साप्ताहिकं आपापली यादी छापत, त्यामुळे साठच्या दशकातलं एखादं गाणं एका यादीत पहिलं आणि दुसरीत दुसरं दिसतं. बैठकीपुरती ऑफिशियल चार्ट्सची यादी प्रमाण माना आणि तसं सुरुवातीला सांगून टाका. दुसरा घोळ अमेरिकेचा: डिसेंबर १९९८ पर्यंत, दुकानात विकायला सिंगल म्हणून न निघालेलं गाणं हॉट १०० मध्ये येऊच शकत नव्हतं, मग रेडिओवर ते कितीही वाजो. ब्लरचं 'साँग २' (१९९७) अमेरिकेत स्टेडियमांपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे ऐकू आलं, रॉक रेडिओच्या 'मॉडर्न रॉक' यादीत सहाव्या जागी पोहोचलं, पण हॉट १०० मध्ये त्याचं नावही नाही. म्हणून नव्वदच्या दशकातल्या बँडसाठी नुसता हॉट १०० पाहून "अमेरिकेत कोणी ऐकलंच नाही" असं म्हणू नका. रॉक रेडिओची यादी आणि अल्बमची यादी दोन्ही पाहा.

आठ जोड्या

पहिली जोडी द शॅडोज. 'अपाची' हे गिटारवरचं गाणं, शब्द नाहीत, म्हणून सुरुवातीला उत्तम. कोणाला उच्चार समजण्याची अडचण येत नाही. १९६० मध्ये ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत हीच धून १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली, पण योर्गन इंगमान या डॅनिश गिटारवादकाच्या वादनातून. दोन्ही लागोपाठ लावा. शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन याचा स्वर सरळ आणि प्रतिध्वनीत न्हालेला. इंगमानने त्यात तंत्राच्या करामती घातल्या आहेत. धून अमेरिकेला आवडली होती, याचा हा पुरावाच. बँड मात्र पोहोचला नाही. जाता जाता सांगा की या मंडळींचं मूळ नाव द ड्रिफ्टर्स होतं. त्याच नावाचा अमेरिकन गट असल्यामुळे १९५९ मध्ये ते बदलावं लागलं. नावाचा हा त्रास पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी जोडी स्लेड, आणि इथे थोडा जास्त वेळ द्या. वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपासचे हे चौघे: नॉडी होल्डर, डेव्ह हिल, जिम ली, डॉन पॉवेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये त्यांची सहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतली तीन १९७३ या एकाच वर्षात यादीत शिरली ती थेट पहिल्या जागेवर. 'कम ऑन फील द नॉइझ' हे त्यांतलं एक. अमेरिकेत तेच गाणं ९८ व्या जागेपलीकडे गेलं नाही. बँडने मग हट्टाने १९७५ मध्ये अमेरिकेत मुक्काम हलवला आणि दोनेक वर्षं गावोगाव वाजवत फिरला. यश आलं नाहीच, वर परत आल्यावर ब्रिटनमध्ये पंकची लाट उसळलेली होती आणि घरचा श्रोताही हातून गेला होता. याची जोडी म्हणजे लॉस एंजेलिसच्या क्वायट रायटने १९८३ मध्ये केलेलं हेच गाणं. ते हॉट १०० मध्ये पाचवं आलं आणि त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. दहा वर्षांपूर्वी ९८ व्या जागेवर थांबलेलं गाणं, चाल तीच, शब्द तेच.

मग बदललं काय? हा प्रश्न बैठकीला विचारा आणि दोन्हींची पहिली तीस-तीस सेकंदं पुन्हा लावा. क्वायट रायटमध्ये ढोल मोठा आणि मोकळा, गिटार जाड, आणि मधल्या काळात १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांचे व्हिडिओ देशभर दाखवणारं एमटीव्ही सुरू झालं होतं. स्लेडच्या काळात अमेरिकेत गाणं देशभर पोहोचवणारं एक केंद्र नव्हतं; प्रत्येक शहराचं रेडिओ स्टेशन वेगळं पटवावं लागे. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ १ आणि टीव्हीवरचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रम ही दोन दारं उघडली की गुरुवारी रात्री सगळा देश तुम्हाला पाहत असे. क्वायट रायटच्या यशानंतर स्लेडलाही थोडा फायदा झाला, 'रन रनअवे' १९८४ मध्ये अमेरिकेत विसावं आलं. दहाच्या आत मात्र नाही, म्हणून आपल्या कसोटीत ते राहतात.

तिसरी जोडी झटपट. स्टेटस क्वोचं 'रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड' ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये तिसरं होतं. मूळ गाणं अमेरिकन जॉन फोगर्टीचं, १९७५ चं, तिथे सत्ताविसावं. म्हणजे अमेरिकन गाणं, अमेरिकन ताल, तरी अमेरिकेने ब्रिटिश माणसांकडून ते परत घेतलं नाही. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीची सुरुवात याच गाण्याने झाली. क्वोचं अमेरिकेतलं एकमेव मोठं गाणं १९६८ चं 'पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन', बाराव्या जागेवरचं. पूर्ण वेगळ्या रंगाचं. वेळ असेल तर त्याचं पहिलं मिनिट ऐकवा.

चौथी जोडी द जॅम. वोकिंग गावचे तिघे: पॉल वेलर, ब्रुस फॉक्सटन, रिक बकलर. ब्रिटनमध्ये चार सिंगल पहिल्या क्रमांकावर, हॉट १०० मध्ये एकही नाही. 'टाउन कॉल्ड मॅलिस' (१९८२) लावा आणि श्रोत्यांना फक्त बेस आणि ढोलाकडे लक्ष द्यायला सांगा. हा ठेका डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा, द सुप्रीम्सच्या 'यू कान्ट हरी लव्ह'शी (१९६६) सख्खं नातं सांगणारा. आता फिल कॉलिन्सने १९८२ च्या अखेरीस केलेलं तेच सुप्रीम्सचं गाणं लावा. तोही इंग्रज, ठेकाही तोच, वर्षही तेच, आणि ते अमेरिकेत दहाव्या जागेवर गेलं. म्हणजे अडसर ठेक्यात नव्हता. वेलरचे शब्द एका छोट्या इंग्रजी गावातल्या बंद पडत चाललेल्या जगण्याबद्दल आहेत. ते ऐकताना गाव माहीत असावं लागतं. अस्सल मालवणी बोलीतलं नाटक नागपूरकराला जितकं परकं वाटेल, तितकं ते अमेरिकेला वाटलं असणार. शिवाय दौऱ्याची आखणी चुकीची: १९७८ मध्ये जॅमला अमेरिकेत ब्लू ऑयस्टर कल्ट या जड रॉक बँडच्या आधी वाजवायला उभं केलं. जमलेला श्रोता वेगळ्याच गोष्टीसाठी आलेला होता.

इथे पंधरा मिनिटांची विश्रांती.

पाचवी जोडी आमच्या मते सगळ्यांत बोलकी. स्वीड या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, त्याच वर्षी त्याला वर्षातल्या उत्तम अल्बमचं मर्क्युरी पारितोषिकही मिळालं. अमेरिकेत एका गायिकेकडे हे नाव आधीपासून होतं, त्यामुळे बँडला तिथे 'द लंडन स्वीड' व्हावं लागलं. १९९३ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायला होता लिमरिकचा, आयर्लंडचा, द क्रॅनबेरीज. एमटीव्हीने क्रॅनबेरीजचं 'लिंगर' उचलून धरलं, आणि दौऱ्यात लोक आधीच्या बँडसाठी येऊन मुख्य बँडच्या वेळी पांगू लागले. 'लिंगर' पुढे हॉट १०० मध्ये आठवं आलं. स्वीडचं 'अ‍ॅनिमल नायट्रेट' आणि 'लिंगर' लागोपाठ लावा. एकात शहरी, झगमगीत, टोचणारी अदा. दुसऱ्यात साधा, सरळ पोहोचणारा दुखरेपणा. हॉलमध्ये कोणाला 'लिंगर' आधीपासून माहीत आहे ते हात वर करून विचारा, मग स्वीडसाठी विचारा. जागतिक यादी आपल्या घरापर्यंत कशी येते ते त्या हातांच्या मोजणीत दिसतं.

सहावी जोडी एकाच गाण्याच्या दोन रूपांची आहे. वेल्समधल्या ब्लॅकवुड गावच्या मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सचा 'द होली बायबल' अल्बम ऑगस्ट १९९४ मध्ये आला. अमेरिकेसाठी त्याचं वेगळं, अधिक भरदार मिश्रण (मिक्स, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणाची नवी जुळणी) तयार झालं होतं. १ फेब्रुवारी १९९५ ला बँडमधले दोघे प्रसिद्धीच्या कामासाठी अमेरिकेला निघणार होते. त्याच दिवशी त्यांतला रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला. तो कधीच सापडला नाही. अमेरिकेतलं प्रकाशन बारगळलं आणि ते मिश्रण २००४ च्या दहाव्या वर्षाच्या आवृत्तीत पहिल्यांदा सर्वांसमोर आलं. त्या आवृत्तीतून 'धिस इज यस्टरडे'ची दोन्ही रूपं लावा. या अल्बममधली बाकीची बरीच गाणी छळछावण्या, उपासमार, आत्मपीडा अशा विषयांवर आहेत. हॉलमध्ये मुलं असतील तर ती टाळा. प्रस्तावनेत एडवर्ड्सबद्दल दोन वाक्यं पुरेत. त्याच्याबद्दलच्या अफवांवर चर्चा सुरू झाली तर सूत्रधाराने ती थांबवावी. त्याचं कुटुंब खरं आहे, दुःखही खरं आहे.

सातवी जोडी ब्लर विरुद्ध ब्लर. १९९२ मध्ये कर्ज फेडण्यासाठी त्यांनी अमेरिकेचा लांबलचक दौरा केला आणि तो त्यांना नकोसा झाला. त्यातून गायक डेमन अल्बार्न हट्टाने इंग्रजी विषयांकडे वळला. 'पार्कलाइफ' (१९९४) हे गाणं त्याचं टोक, जोडीतलं पहिलं. १४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओएसिसची सिंगल एकाच दिवशी बाजारात आली तेव्हा ब्लरने बाजी मारली होती, हे नव्या श्रोत्यांना खरं वाटत नाही. मग १९९७ मध्ये गिटारवादक ग्रॅहम कॉक्सनच्या अमेरिकन गिटारच्या आवडीने 'साँग २' घडलं: दोन मिनिटं, शब्द जवळजवळ नाहीतच, आणि अमेरिकेने नेमकं तेच उचललं.

शेवटची जोडी शेफिल्डच्या पल्पची. १९७८ पासून धडपडणारा हा बँड 'कॉमन पीपल'ने १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, त्याच वर्षीचा 'डिफरंट क्लास' अल्बम पहिला आला. विषय वर्गभेदाचा: श्रीमंत मुलीला गरिबी म्हणजे मौज वाटते. जोडीला २००४ मध्ये विल्यम शॅटनर या कॅनेडियन अभिनेत्याने संगीतकार बेन फोल्ड्सच्या निर्मितीत गायक जो जॅक्सनसोबत केलेलं रूप लावा. शॅटनर गात नाही, बोलतो, आणि त्यामुळे इंग्रजी उच्चार न झेपणाऱ्या श्रोत्यालाही गोष्ट कळते. पल्पचं मात्र अल्बममधलं, जवळपास सहा मिनिटांचं रूप निवडा. सिंगलसाठी ते चार मिनिटांच्या आसपास कापलं होतं, आणि कापलेलं कडवं हेच गाण्यातलं सगळ्यांत कडवट आहे.

वेळेचा हिशोब

एका जोडीला सरासरी तेरा मिनिटं धरा: दोन मिनिटं प्रस्तावना, सात मिनिटं संगीत, चार मिनिटं बोलणं. आठ जोड्यांची १०४ मिनिटं, विश्रांतीची पंधरा, म्हणजे दोन तास. सातला सुरुवात केली की नऊला संपतं आणि नेरुळ-वाशीहून आलेल्यांना ट्रान्स-हार्बरची गाडी घाई न करता मिळते. हॉल साडेपाच ते साडेनऊ असा घ्या. मांडणीला आणि आवाजाच्या चाचणीला दीड तास लागतोच. पहिल्यांदाच करत असाल तर सहा जोड्या ठेवा, क्वो आणि ब्लर गाळा.

प्रस्तावनेत पाच गोष्टी पुरेत: गाव, वर्ष, ब्रिटनमधला क्रमांक, अमेरिकेतला क्रमांक, आणि घोडं कुठे अडलं. दोन मिनिटांवर गेलात की लोक फोन काढतात. एकदाच, सुरुवातीला, अंतराचा मुद्दा मांडा: सगळा ब्रिटन क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. लंडनचा बँड एका गाडीत सामान टाकून ग्लासगोला जाऊन परत येऊ शकतो. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रस्त्याने साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ब्रिटनमध्ये वर्षभरात जमणारं काम अमेरिकेत चार-पाच वर्षं सलग करावं लागतं, आणि तितकी चिकाटी किंवा तितका पैसा फार थोड्या बँडकडे होता.

गाण्यानंतर "कोणतं जास्त आवडलं?" हे विचारू नका. त्यावर हात वर होतात आणि चर्चा संपते. "दुसऱ्यात काय काढलं, काय घातलं?" हे विचारा. गाण्यांचे शब्द छापून वाटू नका, त्यावर हक्क असतो. प्रत्येक गाण्याचा तीन-चार ओळींचा मराठी आशय स्वतः लिहून एका कागदावर द्या. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, ज्येष्ठ मंडळी येतात.

आवाज

तीस बाय वीस फुटांच्या हॉलला अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेले, आठ इंची वूफरचे दोन स्पीकर पुरतात. लग्नाच्या डीजेकडून मोठे बॉक्स आणू नका. त्यांत गाण्याचा मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, मागे पडतो, आणि आपल्याला नेमका तोच ऐकवायचा आहे. दोन स्पीकरमध्ये सात-आठ फूट अंतर, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे, दोन्हींची तोंडं मधल्या रांगेकडे किंचित वळवलेली. उंच स्वरांचा छोटा भोंगा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा: खुर्च्या असतील तर जमिनीपासून साडेतीन फूट, सतरंजीवर बैठक असेल तर अडीच. स्पीकर टेबलावर थेट ठेवला तर टेबल घुमतं. खाली जाड रबर किंवा योगा मॅटची दुहेरी घडी घाला.

नव्या क्लबहाउसमधला खरा शत्रू म्हणजे व्हिट्रिफाइड लादी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. रिकाम्या हॉलच्या मध्यभागी एक टाळी वाजवा. मागून टणत्कार ऐकू आला तर स्लेडचा ढोल आणि पल्पचे शब्द दोन्ही चिखल होतील. जाड सतरंज्या, ओढलेले पडदे आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या दोन-चार गाद्या, एवढ्याने फरक पडतो. माणसं भरल्यावर आवाज आणखी शोषला जातो, म्हणून चाचणीच्या वेळी थोडा प्रतिध्वनी उरला तरी घाबरू नका.

मधल्या रांगेत आवाजाची पातळी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. फोनवरचं मोजणीचं अ‍ॅप पाच-एक डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, पण अंदाजाला पुरेसं आहे.

लॅपटॉप ते स्पीकर जोडणी वायरचीच हवी. ब्लूटूथवर दुसऱ्याचा फोन आपोआप जोडला जातो आणि 'लिंगर'च्या मध्यात कोणाच्या तरी घरची रिंग वाजते. वायर जोडल्यावर सतत हम ऐकू आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. हम थांबला तर अर्थिंगच्या दोन वाटा एकत्र झाल्या आहेत. लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर वापरत असाल आणि बेस गायब वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. एखादं मोनो गाणं लावून तपासा: आवाज बरोबर मधून यायला हवा, दोन्ही बाजूंना विखुरलेला नको.

१९६० चं गाणं आणि १९९७ चं गाणं यांच्या मूळ पातळीत मोठा फरक असतो. 'अपाची' ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढे 'साँग २' कानठळ्या बसवतं. प्लेअरमध्ये पातळी समान करण्याची सोय चालू ठेवा, गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय बंद करा, आणि पुढचं गाणं आपोआप सुरू होणं तर आठवणीने बंद करा. फाइल आधीच लॅपटॉपवर घ्या. क्लबहाउसचं वायफाय तळमजल्यावर दगा देतं. आणखी एक सापळा: जुन्या बँडची पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित केलेली गाणी मूळ नावानेच फिरतात. अल्बमचं नाव, वर्ष आणि लांबी पाहून मूळच निवडा. 'स्वीड'चं काही सापडत नसेल तर 'द लंडन स्वीड' नावाने शोधा. तसंच द बीट हा बँड अमेरिकेत 'द इंग्लिश बीट' म्हणून आणि याझू 'याझ' म्हणून नोंदलेला असतो.

रेकॉर्डवरून वाजवायचं असेल तर चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर शोधायला जरूर जा, पण घेण्याआधी तबकडी तिरकी धरून उजेडात बघा. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशीचे पांढरे ठिपके धरतात आणि ते खाचांत बसतात. ब्रिटिश सात इंची सिंगलला मधोमध सहसा लहान भोक असतं. अमेरिकन सिंगलला मोठं, दीड इंची, त्यासाठी प्लास्टिकची चकती लागते, ती आधीच जवळ ठेवा. अमेरिकेतून कोणी जुना टर्नटेबल आणला असेल तर सावधान: व्होल्टेज बदलणारा डबा लावला तरी तिथली वीज ६० हर्ट्‌झची आणि आपली ५०. विजेच्या गतीवर फिरणारी मोटर असेल तर तबकडी सहावा हिस्सा हळू फिरते आणि नॉडी होल्डर भलत्याच खर्जात गातो. ब्रिटनची वीज आपल्यासारखीच, तिथल्या यंत्राला हा त्रास नाही.

परवानगी

सेक्रेटरीला आठवडाभर आधी लेखी कळवा: तारीख, वेळ, अंदाजे माणसं, स्पीकर हॉलच्या आतच राहतील. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आत ७५ असताना दारं-खिडक्या बंद ठेवून बाहेर किती येतो ते चाचणीच्या वेळी हॉलबाहेर उभं राहून मोजा. बाहेर जाणारा मुख्यतः बेस असतो. तो कमी केला की तक्रारी बहुतेक थांबतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये रहिवाशांच्या सामाईक बंद हॉलमध्ये, त्यांच्यासाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्याला, तसंच नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमाला सूट आहे. तिकीट लावलं, प्रायोजक घेतला किंवा बैठक एखाद्या कॅफेत नेली की ती सूट गृहीत धरू नका. मग परवाने लागतात. खर्च वाटून घ्यायचा असेल तर तो चहा-वड्यापुरता ठेवा. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या अटी साधारणपणे खासगी ऐकण्यापुरत्या असतात, म्हणून सीडी किंवा विकत घेतलेल्या फाइल बऱ्या. सोळा गाण्यांचा हा खर्च चार जणांत वाटला तर जड जात नाही.

पुढच्या वेळी

एवढं ऐकल्यावर लोक "आणखी कोण?" विचारतात, तेव्हा तयार असा. स्मॉल फेसेस घ्या: 'इचिकू पार्क' अमेरिकेत सोळाव्या जागेपर्यंत गेलं होतं, त्यांचा १९६८ चा 'ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक' अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला, आणि त्याचं वेष्टन तंबाखूच्या डबीसारखं गोल होतं. बर्मिंगहॅमचा द मूव्ह घ्या: ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसी रेडिओ १ सुरू झालं तेव्हा पूर्ण वाजलेली पहिली रेकॉर्ड त्यांच्या 'फ्लावर्स इन द रेन'ची. त्या गाण्याच्या जाहिरातीसाठी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचं बदनामीकारक व्यंगचित्र छापल्यामुळे खटला झाला, आणि गाण्याचं मानधन कायमचं धर्मादाय संस्थांकडे गेलं. एक्सटीसीलाही तेव्हा कसोटी सैल करून घ्या. १९८२ मध्ये त्यांचा गायक अँडी पार्ट्रिज मंचाच्या भीतीने कोसळला, अमेरिकेचा दौरा सुरू होताच रद्द झाला, आणि बँडने दौरे कायमचे सोडले. त्यांच्यासाठी 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' आणि 'डिअर गॉड' ही जोडी लावा. दुसरं गाणं १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओंनी उचललं होतं. त्याचे शब्द देवालाच जाब विचारणारे आहेत, तेव्हा ते श्रावणात किंवा गणपतीच्या दिवसांत लावू नका.